वाचकांचे प्रश्न : बैठक रात्री नऊच्या आत

या महिन्यात बडोद्याहून आलेली काही पत्रे एकाच विषयाची आहेत. गाण्याच्या घरगुती बैठकांची मालिका चालवणारे, तिथे साथीला बसणारे आणि समोर मांडी घालून ऐकणारे, असे सगळेच लिहिते झाल्यामुळे डिसेंबर २०२० चे हे सदर त्यांच्याच प्रश्नांना दिले आहे. इतर पत्रलेखकांनी कृपया पुढच्या अंकाची वाट पाहावी.

प्रश्न : दांडिया बाजारातील एका जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात आमचे मंडळ अनेक वर्षे दर महिन्याला शास्त्रीय संगीताची एक बैठक करत आले आहे. सुमारे सत्तर सभासद, वर्षाची हजार रुपये वर्गणी, जाजमावर बसून ऐकायचे आणि मध्यंतरात चहा, असे साधे स्वरूप आहे. यंदा गुढीपाडव्याच्या सकाळची बैठक ठरली होती आणि नेमका तोच दिवस, २५ मार्च, टाळेबंदीचा पहिला दिवस निघाला. तेव्हापासून एकही बैठक झालेली नाही. आता मंडळात दोन तट पडले आहेत. ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे, सरकारने मुभा दिली आहे तर सुरू करा. तरुण कार्यकर्त्यांचे म्हणणे, सगळे ऑनलाइन करा, सत्तरांऐवजी हजार लोक ऐकतील. त्यात २१ नोव्हेंबरपासून शहरात रात्री नऊ ते सकाळी सहा संचारबंदी लागली आहे. आम्ही काय करावे?
— एक कार्यवाह, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : दोन्ही तटांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण दोघांपैकी कोणीही अजून दिवाणखाना मोजलेला दिसत नाही. केंद्र सरकारच्या १५ ऑक्टोबरपासूनच्या नियमांत बंद सभागृहाच्या निम्म्या क्षमतेइतक्या आणि फार तर २०० माणसांना मुभा आहे. राज्य आणि शहर प्रशासन त्याहून कडक अट घालू शकते, म्हणून दर बैठकीच्या आधी ताजी सूचना पाहणे हे कार्यवाहाचे काम. परंतु ही मर्यादा मोठ्या सभागृहांकडे पाहून घातलेली आहे, वाड्यातल्या दिवाणखान्याकडे पाहून नव्हे. आपण मापे कळवलेली नाहीत, म्हणून मी ३० फूट लांब आणि २० फूट रुंद खोली धरतो. कलाकारांच्या गादीला ८ फूट गेले, गवयाच्या तोंडासमोर १० फूट मोकळे सोडले, की लांबीतले १२ फूट उरतात. तेवढ्यात सहा-सहा फुटांवर माणसे बसवली तर तीन ओळी होतात आणि एका ओळीत चौघे मावतात. म्हणजे श्रोते बारा. एका घरातली माणसे शेजारी बसली तर पंधरा-सोळा. सत्तरांचे निम्मे पस्तीस हा हिशेब कागदावरचा आहे. जाजमावर बसतात ते बाराच.

गवयासमोर दहा फूट कशाला, असे कोणीतरी विचारील. त्याचे उत्तर अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात घडलेल्या एका घटनेत आहे. तेथील स्कॅजिट परगण्यातल्या हौशी समूहगायकांची १० मार्च रोजी अडीच तासांची तालीम झाली. दाराशी हात स्वच्छ करण्याची सोय होती, कोणी कोणाला आलिंगन दिले नव्हते, तरी हजर असलेल्या ६१ जणांपैकी ५३ जण करोनाने आजारी पडले आणि दोघे दगावले. बोलण्यापेक्षा गाताना, आणि हळू गाण्यापेक्षा मोठ्याने गाताना, तोंडावाटे बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म थेंबांचे प्रमाण वाढते, आणि बंद खोलीत ते बराच वेळ हवेत तरंगत राहतात. आपल्या बैठकीत सगळे गात नाहीत, एकच गातो, हा मोठा फरक आहे खरा. पण तो एकटा मास्क लावून गाऊ शकत नाही, आणि आपल्या श्रोत्यांमध्ये साठीच्या पुढचे बरेच असणार, हेही तितकेच खरे. म्हणून खिडक्या आणि दारे सताड उघडी ठेवावीत, वातानुकूलन यंत्र बंद ठेवावे आणि श्रोत्यांनी शेवटपर्यंत मास्क काढू नये. रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज आत येईल. येऊ द्यावा, ध्वनिक्षेपकांची सवय लागण्याआधीचे गाणे अशाच आवाजांतून ऐकले जात होते. मध्यंतर आणि चहा मात्र या दिवसांत वगळावा, कारण मास्क उतरतात ते चहाच्या कपापाशी आणि माणसे एकमेकांच्या कानाशी येतात तीही तिथेच. चहावाचून बैठक म्हणजे काय, असा सूर निघेल. तो सहन करावा लागेल.

आता वेळेचे पाहू. नऊला संचारबंदी म्हणजे श्रोते आणि कलाकार त्याआधी घरी पोहोचले पाहिजेत. गाणे साडेसातला संपले पाहिजे. बागेश्री, दरबारी आणि मालकंस या उशिरा रात्रीच्या रागांना या हिवाळ्यात रजा द्यावी लागेल, आणि ज्यांना मालकंसाशिवाय बैठक पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही त्यांनी थोडे वाईट वाटून घ्यावे. पण याची दुसरी बाजू अशी की कचेऱ्या सुटल्यावर, रात्री जेवणे उरकून होणाऱ्या बैठकांच्या आपल्या सवयीने सकाळ आणि दुपारचे राग आधीच उपाशी ठेवले आहेत. बिलावलाचे प्रकार, देसी, जौनपुरी, तोडी हे राग सकाळच्या हवेत समोर बसून शेवटचे कधी ऐकले, हे आपल्या सभासदांना एकदा विचारून पाहावे. मुलतानीची तर वेळच अशी अडचणीची की एरवी कामकाजाच्या दिवशी तिला श्रोता मिळत नाही. रविवारी सकाळी साडेनऊला सुरुवात करून तोडीने उघडावे, बाराच्या सुमारास शुद्ध सारंग घ्यावा आणि भैरवीने संपवावे. किंवा दुपारी चारला मुलतानी घेऊन सूर्यास्ताला पूरिया धनाश्री किंवा मारवा आणि अखेरीस यमन किंवा भूप, असे पाहावे. गेल्या कित्येक वर्षांत आपल्या मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत जो बदल कोणी सुचवला नसता तो संचारबंदीने सुचवला आहे, तर तो घ्यावा.

वाड्याला गच्ची किंवा चौक असेल तर तिथे बसणे बंद खोलीपेक्षा पुष्कळ सुरक्षित, आणि बडोद्याचा डिसेंबर-जानेवारी त्यासाठी उत्तम. मात्र वर कनात किंवा मांडव हवाच. उन्हात तानपुऱ्याच्या तारा तापून सैल होतात आणि सूर उतरतो, तर तबल्याची पुडी, म्हणजे वरचे कातडे, वाळून ताणली जाते आणि सूर चढतो. दोन्ही वाद्ये उलट दिशांनी निघाली की बिचाऱ्या गवयाने मध्ये कोणाशी सलगी करायची? पहाटेच्या दवात तबल्याचे पुन्हा उलटे होते. आणखी एक सूचना, जी बडोदेकरांना करण्याची वास्तविक गरज नाही : उत्तरायणाच्या आठवड्यात गच्चीवरची बैठक ठरवू नये. १४ जानेवारीच्या पतंगांपुढे आणि शेजारच्या गच्च्यांवरील ध्वनिक्षेपकांपुढे कोणाचाही षड्ज टिकणार नाही.

राहिले बारा श्रोत्यांचे कोडे. सत्तर सभासदांना पाळीने बोलवावे. ज्यांना घरी वृद्ध किंवा आजारी माणसे आहेत ते आपण होऊन पाळी सोडतील, त्यांच्यावर आग्रह करू नये. ज्यांची पाळी नाही त्यांना त्या बैठकीचे ध्वनिमुद्रण, कलाकाराची आधी लेखी परवानगी घेऊन, ठरावीक दिवसांपुरते ऐकण्यासाठी द्यावे. माझ्या मते ऑनलाइनची जागा इथे आहे, बैठकीच्या जागी नव्हे. हजार लोक ऐकतील हे तरुण कार्यकर्त्यांचे म्हणणे बरोबर असेल, पण त्यांतले किती जण विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल संपेपर्यंत थांबतील? बैठकीत गवई समोरच्या माणसांकडे पाहून गातो. एखाद्या जागेला कोणी मान हलवली तर तीच जागा तो पुन्हा वेगळ्या अंगाने घेतो, कोणी चुळबूळ केली तर पुढे सरकतो. पडद्यावर टाळ्यांची आणि हृदयांची चित्रे सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येऊन गेल्यावर तरंगत येतात, तोवर गवई तालाच्या पुढच्या आवर्तनात असतो. मास्क लावलेल्या श्रोत्यांचेही तोंड दिसत नाही हे मान्य, पण डोळे दिसतात, मांडीवर पडलेला हात दिसतो, आणि मास्कमधून आलेली ‘वा’ थोडी दबकी असली तरी वेळेवर येते.

कलाकार निवडण्याविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. बडोद्यातील मंडळांना मुंबई-पुण्याच्या नावांची ओढ फार. या वर्षी ज्येष्ठ कलाकारांना प्रवास करायला लावणे त्यांच्या जिवाच्या दृष्टीने बरे नाही, आणि बाहेरगावचा पाहुणा आला की त्याच्याभोवती माणसे गोळा होणारच. ज्या गावात १८८६ साली गवई मौलाबक्षांच्या देखरेखीखाली गायनशाळा निघाली, ज्या गावात १९१६ साली भातखंड्यांनी अखिल भारतीय संगीत परिषदेचे पहिले अधिवेशन भरवले, त्या गावात बारा श्रोत्यांपुढे गायला माणूस मिळत नाही असे होणार नाही. सूरसागर तलावाच्या काठावरच्या म्युझिक कॉलेजात, म्हणजे त्या गायनशाळेच्याच आजच्या रूपात, शिकवणारे आणि शिकून बाहेर पडलेले कलाकार आपल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. आजवर त्यांना आपल्या गादीवर किती वेळा बसवले, याचा हिशेब मंडळाच्या वहीत असेलच.

प्रश्न : मी तबल्याची साथ करतो. मार्चपासून हातात एकही कार्यक्रम नाही. शिकवण्याही अर्ध्या झाल्या. मंडळे आणि काही गायक मला ‘आपापल्या घरून’ ऑनलाइन साथ करायला सांगतात आणि तीही बिनपैशांची, कारण ‘सगळ्यांचीच अडचण आहे’. घरून साथ करून पाहिली, पण लय जुळत नाही. माझे इंटरनेट कमी पडते की मी? आणि पैशांचे कसे बोलावे?
— एक तबलावादक, रावपुरा, बडोदे

उत्तर : आपण कमी पडत नाही, आणि महागडे इंटरनेट घेऊनही हे काम जमणार नाही. हवेतून आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. गवई आणि तबलजी हाताच्या अंतरावर बसतात तेव्हा एकाचा आवाज दुसऱ्याकडे पोहोचायला सेकंदाचा तीनशेवा भाग लागतो, जो कोणाला जाणवत नाही. सेकंदाच्या चाळिसाव्या भागापर्यंतचा उशीर, म्हणजे साधारण साडेआठ मीटरवर बसल्यासारखे अंतर, सरावलेले वादक सांभाळून घेतात. आपण वापरता त्या व्हिडिओ कॉलमध्ये मात्र आवाज आधी आकड्यांत रूपांतरित होतो, पुडक्यांत बांधला जातो, दूरच्या सर्व्हरवरून फिरून येतो आणि पलीकडे पुन्हा उलगडला जातो; यात एका बाजूने सेकंदाचा सातवा-आठवा भाग सहज जातो आणि अनेकदा त्याहून जास्त. गवयाने घेतलेली सम आपल्याला उशिरा ऐकू येते आणि त्यावर दिलेला आपला ‘धा’ त्याला आणखी तेवढ्याच उशिराने ऐकू येतो. दोन्ही फेऱ्या मिळून सेकंदाचा पाव भाग झाला असे समजा. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रांची लय असेल तर एक मात्रा बरोबर पाव सेकंदाची असते, म्हणजे गवयाच्या कानांना आपण नेमके एक मात्रा मागे वाजवत असता. तो आपल्यासाठी थांबणार, आपण त्याच्यासाठी थांबणार, आणि लय दर आवर्तनाला खाली बसत जाणार. हा अनुभव आपणच घेतला आहे. अतिविलंबित एकतालात ही ओढाताण कमी कळते, पण तिहाई, म्हणजे तेच बोल तीनदा वाजवून समेवर येणे, घेताच उघडी पडते.

यावर दोनच उपाय आहेत. एकतर दोघांनी एका खोलीत बसावे, किंवा आपण ठेका आधी मुद्रित करून द्यावा आणि गवयाने त्यावर गावे. दुसऱ्या उपायाला मी साथ म्हणणार नाही. साथीत एकाने दुसऱ्याचे ऐकायचे असते आणि मुद्रित ठेका कोणाचे ऐकत नाही. तालमीसाठी तो ठीक, कार्यक्रमासाठी नव्हे. रावपुऱ्याहून दांडिया बाजार चालत जाता येतो, तेव्हा मास्क लावून जावे. तबलजीला मास्क लावून वाजवता येते, ही त्यातल्या त्यात सोय आहे.

पैशांचे स्पष्ट बोलावे, आणि गादीवर बसण्याच्या आधी बोलावे. ज्या काळात बडोदे सरकारात कलावंत कारखाना नावाचे खाते होते, गवयांना आणि वादकांना नियमाने पगार मिळत असे, त्या काळात एखादी मैफल न झाल्याने चूल बंद पडत नव्हती. फैयाज खाँ दरबारचे गायक होते, आणि त्या महिन्यात ते किती वेळा गायले यावर घरचा शिधा ठरत नव्हता. १९४९ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि आता कलाकाराचे सगळे गणित बिदागीवर उभे आहे. गवयाला निदान नावामुळे पुढची आमंत्रणे येतात, चार शिष्य येतात; साथीदाराचे नाव पत्रिकेत लहान अक्षरांत आणि पुष्कळदा ‘साथ : अन्य कलाकार’ असे छापले जाते. त्यामुळे सगळ्यांचीच अडचण आहे हे वाक्य खरे असले तरी सगळ्यांची अडचण सारखी नाही. मंडळ चालवणाऱ्या गृहस्थांना बहुधा निवृत्तिवेतन मिळत असते.

आपण असे सांगावे : समोर श्रोते बारा असोत की सत्तर, मी दोन तास बसतो आणि माझी बिदागी तीच राहील; ध्वनिमुद्रण सभासदांना ऐकवणार असाल तर त्याचे वेगळे ठरवू; आणि मुद्रण कोठे, किती दिवस राहील ते लिहून द्या. मदतनिधीसाठी एखादा कार्यक्रम आपण स्वखुशीने विनामूल्य करणार असाल तर जरूर करावा, पण तेथे गवई, निवेदक, ध्वनिव्यवस्थापक हे सगळेच विनामूल्य आहेत ना, एवढे विचारून घ्यावे. विचारण्यात उद्धटपणा नाही.

प्रश्न : माझे वय झाले आहे, म्हणून मुलगा बैठकीला जाऊ देत नाही. नातवाने मोबाइलवर झूमवरचे गाणे लावून दिले. पण तानपुरा सुरुवातीला ऐकू येतो आणि मग विरून जातो, मध्येच पुन्हा येतो. गाणे पोकळ वाटते. माझ्या कानांचा दोष आहे का?
— एक श्रोती, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : आपल्या कानांनी अगदी बरोबर ओळखले आहे. ही व्यवस्था सभांमधल्या बोलण्यासाठी केलेली आहे. बोलणाऱ्याच्या मागे पंखा किंवा यंत्र सतत घरघरत असेल तर तो आवाज गोंगाट समजून आपोआप पुसून टाकायचा, असे तिला शिकवलेले असते. एकसारखा, न थांबता चालणारा आवाज म्हणजे पंखा, एवढेच तिला कळते. तानपुरा त्याच व्याख्येत बसतो आणि पुसला जातो. गवई मोठ्याने गाऊ लागला की मधूनच त्याच्यासोबत तोही परत येतो.

हे आपल्या मोबाइलवरून सुधारता येत नाही. गाणाऱ्याच्या बाजूने सुधारावे लागते. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ नावाची एक सोय आहे, ती गाणाऱ्याने चालू केली तर ही पुसापुशी बरीचशी थांबते. नातवाकडून मंडळाला तेवढे कळवावे. त्याहून चांगले म्हणजे थेट प्रक्षेपणाचा हट्ट न धरता नंतर मिळणारे ध्वनिमुद्रण मागून घ्यावे आणि ते मोबाइलच्या इवल्याशा भोंग्यातून न ऐकता वायरच्या इअरफोनवर किंवा घरात जुना म्युझिक सिस्टिम असेल तर त्याला जोडून ऐकावे. तानपुऱ्याचा खर्ज मोबाइलच्या भोंग्यातून मुळातच बाहेर पडत नाही.

एक सुचवतो. ज्या मैत्रिणींच्या शेजारी आपण बैठकीत बसत होता, त्यांनीही तेच ध्वनिमुद्रण त्याच संध्याकाळी ऐकावे आणि नंतर फोनवर अर्धा तास बोलावे. बैठकीहून परतताना रिक्षात जे बोलणे होत असे, ते तरी चालू राहील. आणि चौकात किंवा गच्चीवर सकाळची बैठक ठरली, तर मुलाशी पुन्हा एकदा बोलून पाहायला हरकत नाही. उघड्या हवेतले बसणे आणि बंद दिवाणखान्यातले बसणे यांत फरक आहे, हे त्याला पटण्यासारखे आहे. तरीही तो नको म्हणाला तर मी त्याच्या बाजूचा आहे.

प्रश्न : मंडळाचा खजिनदार या नात्याने विचारतो. वर्षाची वर्गणी एप्रिलमध्ये जमा झाली, बैठक एकही नाही. काही सभासद पैसे परत मागतात. आगाऊ ठरवलेल्या आणि रद्द झालेल्या कार्यक्रमांचे कलाकारांना काही देणे लागते का? शिवाय एका बैठकीचे जुने ध्वनिमुद्रण आम्ही यूट्यूबवर टाकले, तर कोणत्याशा कंपनीने हक्क सांगितल्याची सूचना आली. बंदिश तर परंपरेची होती.
— एक खजिनदार, शियाबाग, बडोदे

उत्तर : जे परत मागतात त्यांना, कारण न विचारता आणि चेहरा वाईट न करता, लगेच परत करावे, टाळेबंदीत कोणाच्या घरात काय झाले आहे हे आपल्याला माहीत नसते. बाकीच्यांना एक पत्र पाठवून विचारावे की वर्गणी पुढील वर्षासाठी धरायची की यंदाच्या कलाकारांसाठी वापरायची. लेखी उत्तर मागावे आणि ते फाइलला लावावे. माझा अंदाज आहे की बहुतेक जण दुसरा पर्याय निवडतील, कारण हजार रुपयांत वर्षभर गाणे ऐकण्याची सवय असलेल्या माणसाला आपण कोणाचे तरी देणे लागतो याची जाणीव आत कुठेतरी असते. फक्त कोणी विचारलेले नसते.

रद्द झालेल्या कार्यक्रमांचे कायद्याने देणे लागते की नाही हे आपण काय लिहून दिले होते यावर अवलंबून आहे, आणि आपल्याकडे बहुधा काहीच लिहून दिलेले नसते, फोनवर ‘या हं’ म्हटलेले असते. तेव्हा कायदा बाजूला ठेवून मी असे करीन : तारीख ठरलेली होती त्या मुख्य कलाकाराला निम्मी बिदागी आणि साथीदारांना पूर्ण. साथीदारांची रक्कम मुळात लहान असते, त्यामुळे पूर्ण दिल्याने मंडळाचे दिवाळे निघत नाही. सतरंज्या घालणारा आणि ध्वनिव्यवस्था पाहणारा मुलगा, यांनाही विसरू नये. मंडपवाल्यांचे हे वर्ष लग्ने आणि नवरात्र दोन्ही गेल्यामुळे फार वाईट गेले आहे. यंदा गरब्याला परवानगी नव्हती, आणि या शहरात त्याचा अर्थ काय होतो हे शियाबागेतल्या माणसाला मी सांगायला नको.

यूट्यूबच्या सूचनेला घाबरू नये. तिथे आवाज ऐकून जुळवणी करणारे यंत्र असते. त्याच रागातील, त्याच पट्टीतील, त्याच बंदिशीची एखादी प्रकाशित ध्वनिमुद्रिका कंपनीने नोंदवलेली असली तर यंत्राला दोन्ही सारखी वाटतात. ध्वनिमुद्रण आपले स्वतःचे असेल, बंदिश पारंपरिक असेल आणि कलाकाराची परवानगी असेल, तर त्याच पानावर हरकत नोंदवण्याची सोय आहे, तिथे एवढे तीन मुद्दे लिहावेत. कलाकाराची परवानगी मात्र खरोखर घेतलेली असावी. जुन्या बैठकीत गवयाचा घसा बसलेला असतो, एखादी तान फसलेली असते, आणि साठ जणांनी प्रेमाने पोटात घातलेली ती तान साऱ्या जगासमोर मांडायला तो तयार असेलच असे नाही.

प्रश्न : मंडळाचे दोन तानपुरे आणि तबला-डग्ग्याची एक जोडी मार्चपासून बंद खोलीत आहे. आता काढायची आहेत. काय काळजी घ्यावी?
— एक कार्यकर्ती, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : अख्खा पावसाळा बंद खोलीत गेला आहे, म्हणून घाई करू नये. गवसणी काढून वाद्ये दोन दिवस सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवावीत. उन्हात ठेवू नयेत, भोपळा तडकतो. तारा चढलेल्या अवस्थेतच राहिल्या असतील तर आधी त्या सगळ्या सैल कराव्यात, आणि तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) घोडीखाली दबली आहे का, भोपळा आणि गळा यांच्या सांध्याला फट पडली आहे का, हे बोट फिरवून पाहावे. भोपळ्याला बारीक छिद्रे दिसली आणि खाली पिवळट भुकटी पडलेली असली तर कीड लागली आहे असे समजावे आणि तो तानपुरा दुसऱ्यापासून वेगळा ठेवावा. पोलादी तारांवर गंज असेल तर पुसत बसू नये, नव्या घालाव्यात. नव्या तारा एका दमात सुरावर न नेता दोन-तीन दिवसांत थोड्या थोड्या चढवाव्यात. एवढे करूनही आवाज बोथट राहिला तर जवारी काढून, म्हणजे घोडीचा माथा घासून, घ्यावी लागेल. ते जाणत्या कारागिराचे काम आहे, हौशी माणसाने घोडीला कानस लावू नये. वाद्यांच्या कारागिरांकडे मिरजेला पाठवण्याइतके बिघडले असेल तर आधी छायाचित्रे पाठवून विचारावे.

तबल्याच्या पुडीवर बुरशी आली असेल तर ती कोरड्या मऊ कपड्याने हलकेच पुसावी, पाणी लावू नये, शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या लेपाच्या, कडांवर तर मुळीच नाही. शाईला भेगा गेल्या असतील किंवा थाप मारताच ती खर्र वाजत असेल, तर पुडी बदलणे स्वस्त पडते. बाजूचे लाकडी गठ्ठे एकदम ठोकून सुरात आणण्याचा प्रयत्न केला तर वाळलेली चामडी वादी तुटते, म्हणून पहिल्या दिवशी सूर उतरलेलाच राहू द्यावा. रावपुऱ्याहून पत्र लिहिणारे तबलावादक आपल्यापासून फार लांब नाहीत. त्यांना योग्य मोबदला देऊन हे काम सोपवावे.